जुनी पिकअप घ्यायची असेल तर आधी खाली वाक

अनेक आशीर्वाद.

सासवडचा माल स्वतःच्या गाडीनं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणायचा, हा तुझा बेत मला मनापासून पटला. फक्त ‘ऐंशी हजारच पळालीय’ एवढ्यावर जुन्या पिकअपला भुलू नकोस. पिकअप किलोमीटरनं थकत नाही, वजनानं थकते. दीड लाख किलोमीटर बिस्किटांचे खोके वाहिलेली गाडी ही साठ हजार किलोमीटर वाळू वाहिलेल्या गाडीपेक्षा तरुण असते. मीटर मागे फिरवता येतो, चासीनं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यानं, सोसलेलं वजन पुसता येत नाही.

आधी तुझा माल मोज. सीताफळाचे २० किलोचे ६० क्रेट म्हणजे १२०० किलो. रिकामा क्रेट दोन किलोचा धरला तर झाले १३२०. टाटा एससारख्या पाऊण टनाच्या गाडीवर हे लादणं म्हणजे तिचा जीव घेणं. १.३ टनाच्या बोलेरो पिकअपलाही हे थोडं जास्तच होईल, तेव्हा १.५ किंवा १.७ टनाचीच बघ. आरसीवरचं (नोंदणीच्या पुस्तकातलं) मालासह एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, पुढे गेलं की लागतं. हे सौद्याआधी वाचून घे.

बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी, टेप, खडू आणि गवंड्याचा ओळंबा सोबत ने.

पहिल्यांदा मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बघ. दोन्ही बाजूंचे मोज, सारखेच हवेत. जादा पाटा घातलेला दिसला तर मालकानं ओव्हरलोड मारलाय हे नक्की. विकण्याआधी तो काढून टाकतात, पण पाटे आवळणारे यू-बोल्ट बहुतेक तेच लांब राहतात. नटाच्या बाहेर दोन-तीन बोटं आटे उघडे दिसले तर काय ते समज. मग मागच्या टायरांकडे वळ. मागे दोन्ही चाकांना जोडणारं एकच सलग हाउसिंग (आसाचं कवच) असतं, त्यामुळे तिथे अलाइनमेंट बिघडण्याचा प्रश्न नसतो. तरीही दोन्ही टायर आतल्या कडेनं जास्त झिजले असतील तर वजनानं हाउसिंग मधे वाकून चाकं वरून आत झुकली आहेत. टायर नवेकोरे असतील तर जुने कुठे आहेत ते विचार.

चासीला चीर पडते ती बहुतेक केबिनच्या मागे आणि पाटे जिथे चासीला टांगलेले असतात त्या हँगरजवळ. चीर म्हणजे गंजाची केसाएवढी रेघ. एकाच जागी ताजा काळा रंग असेल तर तो नखानं खरवड. हातोडीनं हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, खाली पुटी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो. हातानं मारलेलं वेल्डिंग दिसलं तर मी पुढे बोलणीच करणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं बाजूचं लोखंड कमजोर होतं आणि नवी चीर शेजारूनच सुरू होते. इंजिन खोलून नव्यानं बांधता येतं, चासी नाही.

अपघातात चासी तिरकी झाली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी कर. पुढच्या आणि मागच्या हँगरच्या चार पिनांवरून ओळंबा सोड, फरशीवर खडूनं फुल्या मार. गाडी बाजूला घे आणि दोन्ही कर्ण मोज. एक सेंटिमीटरच्या पुढे फरक गेला तर परत निघ.

इंजिन सकाळी थंड असतानाच बघ, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांग. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जा. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. दोष पिस्टनच्या रिंगांचा, व्हॉल्व्ह सीलचा किंवा टर्बोचा. काळा धूर एअर फिल्टर किंवा फाटलेल्या टर्बो पाइपचाही असतो, त्याला घाबरू नकोस. मग ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेव. ते उडायला लागलं, भसाभसा वाफ आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा झिजून दाब खाली गळतोय. इंजिन बांधायचा खर्च किमतीतून वजा कर.

हौद्यात पाचशे किलो टाकून दिवे घाट चढव. इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातोय का बघ. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोड. गिअर निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. गाडी जागेवरून निघताना खालून ‘टक्’ झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) गेलाय, ते काम किरकोळ.

पुराची गाडीही ओळखायला शीक. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२४ च्या जुलैत आपला सिंहगड रस्ता पाण्यात होता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ असेल तर नको. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का तेही बघ.

कागदांत सगळ्यात आधी बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, बघ. कर्ज फिटलं हे तोंडी ऐकू नकोस. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात घे. पासिंग (आरटीओचं फिटनेस), टॅक्स आणि थकलेली चलनं ऑनलाइन तपास. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी आणि पर्यावरण कर वेगळा. चासी नंबर आरसीशी ताडताना त्यावर बोट फिरव, अंक घासून पुन्हा ठोकलेले असतील तर हाताला लागतं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालक नुसत्या सह्या करून कोरे देतो म्हणाला तर पूर्ण पैसे देऊ नकोस. नावावर होईपर्यंत काही रक्कम हातात ठेव, आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज दे.

गाडी आली की माल भरण्याआधी इंजिन, गिअर आणि हाउसिंगचं ऑइल, डिझेल फिल्टर, फॅनबेल्ट आणि ब्रेक ऑइल बदल. ब्रेक ऑइल लोक विसरतात. ते पाणी शोषतं, आणि भरल्या गाडीनं घाट उतरताना उकळलं तर पेडल सरळ खाली जातं.

सौदा ठरवण्याआधी कर्णांचे आकडे मला कळव.