चिठ्ठी लागत नाही, पण 'बरं आहे' म्हणणं सोड

दारव्ह्याकडची एक लेक, आता इंग्लंडात, दोन लेकरांची आई. पत्र चार पानी आहे. त्यात मुलाच्या मराठीचं आहे, सामानातल्या तुपाचं आहे, सासूबाईंच्या मुक्कामाचं आहे. आणि तिसऱ्या पानावर मध्येच हे: "मावशी, गावाकडून अवेळी फोन वाजला की हातपाय गार पडतात. बाबांनी आईच्या औषधाचं विचारायला केलेला असतो, पण मला पुढे तासभर धडधडतं. रात्री तीनला जाग येते, मग पाऊस, कर्ज, बाबा हेच डोक्यात. मनाच्या उपचारांसाठी डॉक्टरकडे चिठ्ठी मागायची लाज वाटते, काउंटरवर ओळखीची बाई असते. बाकी तसं बरं आहे माझं."

बाई गं, ते शेवटचं वाक्य वाचून मला तुझा रागच आला. वर एवढं लिहिलंस आणि खाली "बरं आहे"?

आधी कामाचं. तुला चिठ्ठी लागतच नाही. इंग्लंडात एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, 'टॉकिंग थेरपीज' ही सेवा २००८ पासून आहे. २०२३ च्या आधी तिला आयएपीटी म्हणत. काळजी, घाबरा जीव, उदासी यांवर बोलून उपचार. १८ वर्षांवरच्या कुणालाही ऑनलाइन फॉर्म भरून किंवा फोन करून आपलं नाव आपणच देता येतं. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी असली की झालं. वेगळे पैसे पडत नाहीत. व्हिसासोबत आरोग्यसेवेसाठी म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड भरावे लागतात, ते यासाठीही आहेत. जीपीला ते सहसा कळवतात, तेव्हा कुणाला काय कळेल ते पहिल्याच फोनवर विचारून घे. आणि काउंटरवरच्या बाईला तुझं काही बाहेर बोलता येत नाही, तिची नोकरी जाऊ शकते. दुभाषी मागता येतो, 'मराठी' असं फॉर्मवरच लिही. जीव वऱ्हाडीत घाबरतो तुझा, तो इंग्रजीत कशाला सांगत बसतेस?

आता माझं खरं म्हणणं. ते तुला सात प्रश्न विचारतील, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता आली नाही असं झालं का, काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटली का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. शून्य म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे जवळपास रोज. आपली माणसं इथेच फसतात. समोरच्याला त्रास नको म्हणून शून्य, एक, शून्य. मग तिकडचा माणूस म्हणतो, हिला गरज नाही. तुझा फोन रोज वाजतो आणि रोज धडधडतं, तर तीनच सांगायचे.

हे मी माहेरी, आर्णी तालुक्यातल्या आमच्या ओसरीवर बसून लिहितेय. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय, चांगला दर मिळायची वाट बघत. याच ओसरीवर २०१७ साली, बोंडअळीच्या वर्षी, माझा भाऊ बोंडं घेऊन बसायचा. अंगठ्याच्या नखानं एकेक फोडायचा. आत गुलाबी अळी. ते टाकायचा, दुसरं घ्यायचा. रात्री मोटर चालू आहे का बघायला चारचारदा उठायचा, लाइन नसली तरी. छातीत धडधडतं म्हणून तालुक्याला नेलं, ईसीजी चांगला निघाला, सलाईन लावून घरी पाठवलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, धागा बांधला. मी परदेशातून दर रविवारी विचारायची, "कसा आहेस रे?" तो म्हणायचा, "बरं हाय, तू कायले काळजी करतं?" मी सुटकेचा श्वास टाकून फोन ठेवायची. पाच वर्षं. समुपदेशक म्हणवणारी बहीण!

शेवटी वहिनीनं १४४१६ लावला, सरकारचा टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीचा मदतीचा फोन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला. फुकट, चोवीस तास, मराठीतही, आणि तिथेही कुणाची चिठ्ठी लागत नाही. भाऊ आधी तिथेही "बरं हाय" म्हणाला. वहिनीनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "दोन वाजता उठून बोंडं मोजते हा माणूस." तिथून जिल्ह्याच्या दवाखान्याची वाट सापडली. तुझ्या बाबांनाही हा नंबर लिहून दे. काळजी एकट्या तुझीच असेल असं मला वाटत नाही.

तुझ्यासोबत ते टॉकिंग थेरपीजवाले बहुधा सीबीटी करतील, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलून उपचार. फोन वाजला, मनात काय आलं, अंगात काय झालं आणि खरं काय निघालं, हे वहीत लिहायला लावतील. दहा फोनांतले नऊ औषधाचे निघाले की मनाला ते हळूहळू पटू लागतं. उपचारांसाठी नंबर लगेच लागतोच असं नाही. १०० पैकी ७५ जणांचे उपचार ६ आठवड्यांत सुरू व्हावेत असं त्यांचं उद्दिष्ट आहे. एवढं मात्र कर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन जीपीकडून एकदा तपासून घे, त्यानंही धडधडतं. जीव नकोसा वाटला तर थांबू नकोस, एनएचएसचा १११ हा फोन लावून २ दाब. जिवाला धोका असेल तर ९९९. हे सारं इंग्लंडचं. स्कॉटलंड-वेल्समध्ये व्यवस्था वेगळी आहे.

तूप आणू नकोस, दुधाचं काही भारतातून तिकडे नेता येत नाही. मुलाला रोज दहा मिनिटं आजीशी बोलू दे, भाषा येईल. सासूबाईंचं पुढच्या वेळी.

फॉर्म या आठवड्यात भर. भरलास की मला कळव, आणि पत्रात झोप किती तास झाली ते आकड्यात लिही.