दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेताय? चकलीपासून सुरुवात करा

पहिल्याच वर्षी सात पदार्थ नकोत. चकली आणि चिवडा पुरे; लाडू-करंजीत वेळ फार जातो आणि मुलांची सहामाही परीक्षाही त्याच सुमारास असते.

भाजणीला 4 वाट्या तांदूळ, 2 हरभरा डाळ, 1 उडीद, 1 मूग. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजा. वाटीभर पिठाला एक मोठा चमचा कडकडीत तेल, म्हणजेच मोहन. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दात दुखतात. आच मोठी ठेवलीत तर बाहेरून लाल, आतून कच्ची. तीच संध्याकाळी मऊ पडते. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा.

भाव शेजारणीला विचारून ठरवू नका. एक किलो करून बघा: पीठ, तेल, गॅस, डबा आणि तुमचे तास, सगळं लिहा. मजुरी न धरणं ही सर्रास होणारी चूक.

अर्धे पैसे आगाऊ घ्या, ऑर्डर वसुबारसेच्या आठवडाभर आधी बंद करा. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी त्याआधीच उरका. पिशवीऐवजी कडक डबा वापरा, लोकलच्या गर्दीत चकलीचा चुरा होतो.