सॅटेलाइटला धूळ दिसते, मग धुळीच्या वादळाचा अंदाज का चुकतो?

तुम्ही विचारलंय की वरून धुळीचा लोट एवढा स्पष्ट दिसतो तर तो अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलला दाखवून अंदाज सुधारत का नाही. मी याच कामात आहे, सुधारतो हो, पण मॉडेलला फोटो चालत नाही, आकडा लागतो.

तो आकडा म्हणजे एओडी (एरोसोल ऑप्टिकल डेप्थ), जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या कणांनी मिळून किती प्रकाश अडवला त्याचं माप. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वावरचा मोडिस, म्हणजे त्या दोन सॅटेलाइटवरचं मोजणारं उपकरण, तो वीसहून जास्त वर्षं देतोय. युरोपची हवेवर लक्ष ठेवणारी सेवा, कॅम्स, आपला आधीचा अंदाज आणि हा आकडा ताडून बघतं, ज्याच्यावर जास्त भरवसा त्याच्याकडे झुकतं आणि तिथून पुढच्या अंदाजाचं गणित सुरू करतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 ला दिल्लीसाठी हवेच्या प्रदूषणाच्या अंदाजाची जी सिस्टिम चालू केली त्यातपण मोडिसचा एओडी जातो.

गोची अशी की एओडी ही बेरीज आहे, त्यात धूळ, धूर, समुद्राचं मीठ सगळं एकत्र. कॅम्स जी दुरुस्ती करतं ती मॉडेलने आधी धरलेल्या प्रमाणातच वाटली जाते, म्हणजे मॉडेल म्हणत असेल की तिथे धूर आहे आणि खरं तर धूळ आलीय, तर वाढतो धूरच! शिवाय धूळ चार किलोमीटरवर आहे की आपल्या नाकाशी, हे एओडीत कळत नाही. ते कॅलिप्सो नावाच्या सॅटेलाइटच्या लेझरने कळायचं, पण फक्त त्याच्या खालच्या बारीकशा पट्टीपुरतं, आणि 2023 ला तेही संपलं. 2024 पासून अर्थकेअर हा तसाच लेझरवाला सॅटेलाइट आहे, पट्टी तशीच बारीक.

23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानकडची धूळ अरबी समुद्रावरून मुंबईत आली, गाड्यांवर पांढरा थर बसला, आठवत असेल. अशा वेळी सॅटेलाइट खरंच कामाला येतो कारण धूळ आधीच हवेत असते आणि खाली काळा समुद्र, मोजायला सोपं. उलट राजस्थानात मे-जूनमधली आंधी बघा, ढगातून गार हवा धाडकन खाली येते आणि धूळ उठते ती त्या ढगाखालीच, वरून दिसतो फक्त ढग. त्यात धूळ उठण्याचं प्रमाण साधारण वाऱ्याच्या वेगाच्या घनावर (तिसऱ्या घातावर) जातं, मॉडेलने वारा 20 टक्के कमी धरला की धूळ जवळपास निम्मी, आणि एका मर्यादेखाली तर शून्यच. तिथे सकाळचा एओडी काय कामाचा.

मला विचाराल तर सॅटेलाइटचा जास्त फायदा रोजच्या दुरुस्तीपेक्षा दुसरीकडे आहे, वर्षानुवर्षांचा डेटा लावून धूळ नेमकी कुठल्या कोरड्या तळ्यातून, कुठल्या पडीक शेतातून उठते त्याचे नकाशे बनवणं. उगमच चुकीच्या जागी असेल तर मॉडेल रोज सुधारा नि रोज चुकवा.