तिफण कधी जुंपायची?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पाऊस पडला नाही तर, बियाणं उगवलं नाही तर, चुलते नाराज झाले तर... वडील अंथरुणाला खिळल्यावर सहा एकरांचा भार एकदम अंगावर आला, झोप उडणारच. त्यात तुझं काही चुकत नाही.

रात्री सगळ्या काळज्या सारख्याच मोठ्या वाटतात. म्हणून उजाडल्यावर त्या वहीत लिहून काढ. बऱ्याचशा काळज्या म्हणजे राहून गेलेली कामं असतात. ‘बियाणं उगवेल का’ याचं उत्तर जागून मिळत नाही, ते गोणपाटात मिळतं. घरच्या सोयाबीनच्या पोत्यात वर, मध्ये, तळाशी हात घालून मूठमूठ दाणे काढ. निवडत बसू नकोस, हाताला येतील तेच १०० मोज. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांड, वर दुसरं ओलं गोणपाट टाक, हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत ठेव आणि ओल टिकव. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उलगड. चांगले सशक्त मोड आलेलेच दाणे मोज. ७० किंवा जास्त भरले तर नेहमीच्या प्रमाणात पेर. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढव. फारच कमी असतील तर त्या पोत्याचा मोह सोड. आणि पोती आपटू देऊ नकोस, सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते.

पावसाचंही तसंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. अंगणात उघड्यावर सरळ उभ्या कडांचा डबा ठेव, रोज सकाळी पट्टी लावून पाणी मोज, आकडा लिही, डबा रिकामा कर. शेतात वीतभर उकरून ओल कुठवर गेली तेही बघ.

एवढं करूनही एक काळजी उरतेच. पेरल्यावर पाऊस ओढ देईल का? ते तुला कळणार नाही, मलाही नाही.

२०१५ साली मी मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं. गल्लीतल्या चार तिफणी निघाल्या, मला घरात बसवेना. पुढे पावसाने दडी मारली, कोंब मातीतच करपले, दुबार पेरणी करावी लागली. तीही साधली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो हा हंगाम. ओल बघून थांबलेल्यांच्याही हाती त्या वर्षी फारसं काही लागलं नाही, हे तुला सांगायलाच हवं. पण ‘घाई का केलीस?’ असं माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा ‘सगळ्यांनी पेरलं’ याखेरीज माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बियाण्याचे पैसे गेले ते मी विसरलो. ते ओसरीवर मान खाली घालून बसणं अजून विसरलो नाही.

म्हणून सल्ला सगळ्यांचा घे, चुलत्यांचा तर आवर्जून घे, त्यांनी जास्त पावसाळे पाहिलेत. फक्त प्रत्येकाला ‘का?’ विचार. ‘जमीन चोपण आहे, पाणी साचेल’ असं कोणी म्हणालं तर ते वहीत लिही. ‘सगळे पेरतायत’ एवढंच म्हणालं तर चहा दे आणि सोड. कर्ज तुझ्या घरावर आहे, तेव्हा तिफण कधी जुंपायची हेही तुझ्याच घरात ठरलं पाहिजे. जमलं तर सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धर. एक पीक फसलं तर दुसऱ्याचा आधार राहतो.

मला दिवस विचारू नकोस, मी सांगणार नाही. गोणपाटातला आकडा मात्र कळव, मी वाट बघतोय. पेरायचं ठरलं की आधी वडिलांच्या खाटेजवळ जाऊन बस. ते ‘आजच का?’ विचारतील. वही सोबत ने.

तुझा,
काका