चोपडा–जळगाव रोज अपडाऊन आहे, इलेक्ट्रिक कार घेतली तर चार्जिंगचं जमेल का?

भाऊ, तुमचं घर चोपड्याला, नोकरी जळगावला, रोजचं जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, आणि प्रश्न असा की आपल्याकडे चार्जिंग स्टेशनच धड नाहीत तर गाडी घ्यावी का. मी वायरिंगची कामं घेतो, आता त्यात घरच्या चार्जरचीही असतात, म्हणून सांगतो, स्टेशनं नंतर मोजा, आधी घराची अर्थिंग बघा.

शोरूमवाला तुम्हाला सनरूफ दाखवेल, टचस्क्रीन दाखवेल, पण तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला मागे वायर आहे का हे काही विचारणार नाही. गाडीसोबतचा 15 अँपियरवाला चार्जर बहुतेक वेळा आधी अर्थिंग तपासतो, नीट नसली की लाल लाइट लावून बसतो, चार्जिंग सुरूच होत नाही. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचा पण अर्थिंगची वायरच ओढलेली नाही असं सर्रास असतं, नाहीतर कोणी शहाण्याने तिथे न्यूट्रलच जोडून दिलेला असतो (हे दिसलं तर गाडी घ्या न घ्या, आधी ते काढा, जीवावरचं काम आहे). अर्थिंगचा खड्डा असला तरी त्यात मीठ-कोळसा कधी टाकला कोणाला आठवत नाही, त्यात आपली काळी माती, एप्रिल-मेमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात आणि ओल गेली की अर्थिंग पण गेली. यावल साइडला एका घरी गाडी हिवाळ्यात मस्त चार्ज व्हायची आणि उन्हाळ्यात रोज एरर, घरातले सगळे गाडीला नावं ठेवून मोकळे, आम्ही खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि चार्जिंग सुरू! नंतर नवीन खड्डा करून दिला तो भाग वेगळा.

दुसरं म्हणजे वायर. गिझर पण तेवढंच ओढतो, मग त्याच्याच सॉकेटवर लावू, असं बरेच जण म्हणतात, पण गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो आणि गाडी तीन-सव्वातीन किलोवॅट तासन्‌तास सलग ओढते. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की लाइन पाडते), आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडते), आणि चांगला औद्योगिक सॉकेट, एवढं करा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, वितळलेले बघितलेत. मोठा 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, तुम्हाला लागत नाही, शंभर किलोमीटरला साधारण 14-15 युनिट जातात, रात्री अकराला लावली की पहाटे चार-पाचपर्यंत भरून निघते, अर्थात लाइट राहिली तर, दीपनगरचं वीज केंद्र शेजारी असून आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून रोज लावायची सवय ठेवा, बॅटरी पार खाली जायची वाट बघू नका.

बिलाचं मात्र गणित करून घ्या. महिन्याला 350-400 युनिट नुसत्या गाडीचे, ते घरच्या मीटरवर घेतले की तुम्ही 300 च्या, मग 500 च्या वरच्या स्लॅबमध्ये जाता. महावितरणची ईव्ही चार्जिंगची वेगळी कॅटेगरी आहे, वेगळं मीटर घेता येतं, दोन्हीचे आजचे दर समोर ठेवून ठरवा, आणि जुन्याच मीटरवर घेणार असाल तर मंजूर लोड वाढवून घ्या. छत मोकळं असेल तर सोलर बघाच, ऊन आपल्याकडे फुकट आहे आणि पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे.

आणि हो, मळ्यातल्या मोटरीच्या लाइनवर लावायचं डोक्यात असेल तर काढून टाका. साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज माफ आहे म्हणून मला हे प्रत्येक गावात कोणीतरी विचारतंच. पंपाची वीज गाडीला वापरली की वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने वसुली होते, शिवाय पंपाची थ्री फेज लाइट कधी दिवसा येते कधी रात्री, गाडीचा कसला नेम लागणार.

उन्हाळा मोठा विषय आहे पण लोक घाबरतात तेवढा नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी उष्णता जरा जास्त सहन करते, लिक्विड कूलिंग आहे का ते विचारून घ्या, 45 डिग्रीत दुपारी उन्हात उभी करून फास्ट चार्ज करू नका, गाडी स्वतःच चार्जिंगचा स्पीड कमी करते आणि एसीमुळे रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) पडते ती वेगळीच. जाहिरातीतल्या रेंजमधून पाव भाग सरळ वजा करा, मग रोजच्या शंभराला काहीच अडचण दिसत नाही.

अडचण लांबच्या रस्त्याला आहे. कागदावर हायवेला दर 20 किलोमीटरला चार्जर हवा, प्रत्यक्षात धुळे रोडने नाशिकला निघालात आणि पंपावर चार्जिंगची एकच गन, तीही बंद, असं होतं. निघण्याआधी अॅपमध्ये तिथे काल-परवा कोणी चार्ज केलंय का ते बघा, नुसतं मॅपवर दिसतंय म्हणून जाऊ नका, दोन-तीन कंपन्यांची अॅप टाकून वॉलेटमध्ये पैसे ठेवा कारण ऐन वेळी मोबाइलला रेंज नसते. ढाब्याजवळचा चार्जर पकडा, शेवभाजी खाऊन होईपर्यंत 80 टक्क्यांच्या आसपास होते, त्याच्यापुढे ती मुंगीच्या चालीने चालते, तिथे बसून राहण्यात अर्थ नाही, आणि मागे लाइनीत दुसरा उभा असेल तर तो काय बोलेल ते वेगळं.

मीटरपासून पार्किंगपर्यंत किती फूट आहे आणि घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज ते खाली लिहा, वायर 4 ची पुरेल की 6 ची लागेल ते सांगतो.