पत्त्यांच्या दरबारात घरची मंडळी
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मुलीने 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' वाचून संपवलं आणि आठव्या वाढदिवसाला सगळ्यांनी त्यातलं कुणीतरी होऊन यायचं, असा हट्ट धरलाय. तिच्यासकट अकरा मुलं आणि नऊ मोठी माणसं आहेत. मैत्रिणींपैकी प्रत्येकीला अ‍ॅलिसच व्हायचंय. वीस पोशाख भाड्याने आणणं परवडणारं नाही. – एक आई, नाशिक

उत्तर : अ‍ॅलिस एकच, जिचा वाढदिवस ती. बाकीच्यांना पत्ते करा. ज्या घरात बदाम सात खेळतात तिथे हे समजावून सांगावंही लागत नाही. पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात राणीची मिरवणूक येते. तिच्यात किलवरचे दहा शिपाई, चौकटचे दहा दरबारी आणि बदामची दहा राजमुलं असतात. बागेत इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती हे तीन माळी पांढरे गुलाब लाल रंगवत असतात. तुमची उरलेली दहा मुलं म्हणजे बरोबर दहा राजमुलं. आजी बदामची राणी, आजोबा राजा, एक गुलाम, तीन माळी. उरले तिघे, ते पुस्तकातल्या चहापार्टीतले : टोपीवाला, मार्चमधला ससा आणि दोघांच्या मध्ये पेंगणारा, उंदरासारखा डॉर्माउस. डॉर्माउसचं काम जेवणानंतर हमखास डुलकी घेणाऱ्या काकांना द्यावं.

इंग्रजीत इस्पिक आणि फावडं यांना एकच शब्द आहे, तसाच किलवर आणि सोटा यांनाही. म्हणून तिथे माळी इस्पिकचे आणि शिपाई किलवरचे. मराठीत ही कोटी हरवते, तेव्हा माळ्यांच्या हातात खुरपं आणि रंगाचा ब्रश द्याच, नाहीतर ते नुसतेच काळे पत्ते दिसतात.

आता माप. बाजारातली मोठी कार्डशीट 22 × 28 इंचांची असते. तिची रुंदी दोन इंचांनी कमी केली की 20 × 28, म्हणजे खऱ्या पत्त्याचंच 5 : 7 हे प्रमाण. मोठ्या माणसाला अशा दोन लागतात, एक पुढे, एक मागे. मुलांसाठी शीट आडवी अर्धी कापा, 14 × 22 चे दोन तुकडे होतील. ते 14 × 20 केले की एका शीटमध्ये एक मूल झालं. खांद्यावर दीड इंच रुंदीच्या कापडी पट्ट्या लावा. भोक पाडायच्या आधी दोन्ही बाजूंनी कापडी टेप चिकटवा, नाहीतर पहिल्या धावपळीतच शीट तिथून फाटते.

नेहमी फसतं ते बसताना. मोठ्यांचा सरळ पत्ता खाली बसलं की हनुवटीत घुसतो. वरून 16 इंचांवर पुढचा पत्ता आडवा कापून मागून कापडी टेपने जोडा, बिजागरीसारखा दुमडेल. खालच्या कोपऱ्यातला आकडा आणि चिन्ह उलटं काढायला विसरू नका. आत साधेच कपडे, माळ्यांना काळे, राजघराण्याला लाल किंवा पांढरे.

प्रश्न : टोपीवाल्याची टोपी दरवेळी एका बाजूला कलते आणि कड लोंबते. – एक मामा, डोंबिवली

उत्तर : उंची जास्त आणि कड एकपदरी, ही दोन कारणं. उंची सात इंचांवर नेऊ नका. डोक्याचा घेर साडेएकवीस इंच असेल तर अर्धा इंच सैल धरून 22. त्याला 3.14 ने भागलं की व्यास सात इंच. भिंतीसाठी 23 × 8 ची पट्टी कापा. एक इंच जोडाला, वर-खाली अर्धा अर्धा इंच दातेरी कापून दुमडायला. उरलेल्या शीटमधून 12 इंच व्यासाची दोन वर्तुळं निघतात. दोन्हींच्या मधून सात इंचांचं वर्तुळ कापा. त्यातलंच एक टोपीचं छप्पर, आणि दोन्ही कड्या एकमेकींवर चिकटवल्या की कड ताठ. म्हणजे सगळी टोपी एकाच शीटमध्ये. फेविकॉल पातळ लावा आणि कडा रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. जास्त लावलं तर पाण्याने कागद फुगून वाकडा होतो. आतून फोमची पट्टी लावली की टोपी घसरत नाही. पुस्तकाचा चित्रकार टेनिएल, त्याच्या चित्रात टोपीवर '10/6' अशी चिठ्ठी आहे. ती तारीख नव्हे, किंमत : दहा शिलिंग सहा पेन्स.

प्रश्न : अ‍ॅलिसचा फ्रॉक निळाच हवा ना? – पुणे

उत्तर : नाही. 1865 च्या पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी आहेत. 1890 च्या लहान मुलांसाठीच्या रंगीत आवृत्तीत फ्रॉक पिवळा आहे. निळा डोक्यात बसला तो मुख्यतः 1951 च्या डिस्नेपटामुळे. घरात पिवळा फ्रॉक असेल तर नवा घेऊ नका, पांढरा एप्रन तेवढा बांधा.

प्रश्न : 'मला पी' लिहिलेल्या बाटलीत काय भरावं? अननस घातलेलं दूध कडू झालं. – कोल्हापूर

उत्तर : पुस्तकातल्या त्या पेयाला चेरी टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट अशी एकत्र चव आहे. आपण टर्की सोडू. कच्च्या अननसातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कडवटपणा. 400 ग्रॅम गर सात-आठ मिनिटं उकळून पूर्ण गार करा. एक लिटर दुधातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवा. उरलेलं दूध पाच चमचे साखर घालून उकळा, त्यात हे मिश्रण ओतून दोन मिनिटं ढवळा. तेही गार झाल्यावरच गर मिसळा. एक जरी गरम असलं तरी आंबटपणाने दूध फाटू शकतं. लहान पेले पंधरा होतात.

चहाऐवजी मुलांना गोकर्ण द्या. एक लिटर गरम पाण्यात निळी पंचवीसेक फुलं, हिरवे देठ काढून, दहा मिनिटं ठेवा, गाळा, साखर घाला. लिंबू किटलीत पिळू नका, पेल्याच्या तळाशी अर्धा चमचा घाला. वरून निळं ओतलं की पेल्यात जांभळं होतं. केकवर 'मला खा' काळ्या मनुकांनी लिहायचं असेल तर भाजल्यानंतर जॅम लावून चिकटवा, कच्च्या मिश्रणावर त्या बुडतात. कपकेकवर दोन शब्द मावत नाहीत, नुसतं 'खा' पुरतं.

प्रश्न : फ्लॅटच्या हॉलमध्ये क्रोके कसं खेळायचं? – ठाणे

उत्तर : क्रोके म्हणजे दांड्याने चेंडू मारून कमानींखालून न्यायचा खेळ. पुस्तकात दांडा फ्लेमिंगोचा आणि चेंडू साळूचा. गुलाबी मोज्यात कागदाची घट्ट सुरळी भरली की फ्लेमिंगो, चुरगळलेल्या कागदाचा गोळा म्हणजे साळू, आणि पत्ते झालेली मोठी माणसं ओणवी होऊन कमानी. गंमत म्हणजे मूळ हस्तलिखितात फ्लेमिंगो नव्हते, शहामृग होते. लहानग्यांना त्याआधी पुस्तकातल्या डोडो पक्ष्याची शर्यत द्या : गोल धावायचं, वाटेल तेव्हा सुरू, वाटेल तेव्हा थांबायचं, आणि सगळेच जिंकतात. बक्षिसाला बडीशेपेच्या गोळ्या. पुस्तकात ही शर्यत अर्धा तास चालते. हॉलमध्ये पाच मिनिटं पुरे, खालचे शेजारीही आहेत. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून काटे सहावर ठेवा. टोपीवाल्याकडे नेहमी सहाच वाजलेले असतात.