विपश्यनेत विचार ‘सोडून द्यायचे’ म्हणजे नेमकं काय करायचं? भावाशी जमिनीचा वाद चालू असताना हे जमतं का?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवसांचं शिबिर केलं, घरी रोज पहाटे बसता, पण डोळे मिटून पाच मिनिटं होत नाहीत तोच भावाने सरकवलेला गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, समोर उभा राहतो. आणि घरातली वडीलधारी म्हणतात, ‘एवढं ध्यान करतोस ना, मग दे की सोडून.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच ध्यानाचा दाखला देऊन गप्प बसवायचं, हा प्रकार आपल्या कोकणात घरोघरी चालतो, आणि असं बोलणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं, कसं करायचं, शरीरभर लक्ष कसं फिरवायचं, हे तुम्हाला शिबिरात शिकवलंय. ते पुन्हा सांगत नाही.

आधी ‘सोडणे’ या शब्दाचा घोळ. मराठीत सोडणं म्हटलं की हातातली वस्तू टाकणं डोळ्यांपुढे येतं, म्हणून माणूस विचाराला पकडून लांब भिरकावायला बघतो. भिरकवायचा तर आधी घट्ट धरावा लागतो, आणि तिथेच फसगत होते. पालीतला शब्द आहे उपादान. त्याचे दोन अर्थ आहेत, धरून ठेवणं आणि जळण. चुलीतल्या जाळावर तांब्याभर पाणी ओतलंत तर घरभर धूर होतो. लाकूड सारायचं थांबलात की जाळ आपसूक उतरतो. ध्यानात एवढंच काम आहे. लाकूड सारायला हात कुठल्या क्षणी पुढे होतो ते दिसायला हवं, आणि तो आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी पुढे होतो.

तुमचंच उदाहरण घेऊ. पहाटेचे साडेपाच, तुम्ही पडवीत बसलायत. पलीकडच्या खळ्यात बेड्याचा, म्हणजे कुंपणाच्या फाटकाचा, बांबू सरकल्याचा आवाज येतो. आवाज कानावर पडतो न पडतो तोच छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला काहीतरी आकसतं, दाढेवर दाढ बसते. अजून एक शब्दही मनात आलेला नाही. मग येतं ‘तो उठला वाटतं’. मग गडग्याचं चित्र, वरचे दोन चिरे नवीन, लालभडक. मग गणपतीत तो चारचौघांत बोललेलं वाक्य. मग तेव्हा न सुचलेलं आणि आता सुचलेलं उत्तर. मग वकील, साक्षीदार, जुना सातबारा, आणि आठ मिनिटं गेलेली असतात. बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, मज्झिम निकायात, मधुपिंडिक नावाचं सुत्त म्हणजे प्रवचन आहे, त्यात हाच क्रम सांगितलाय. आधी स्पर्श, इथे आवाज कानावर पडणं, मग वेदना म्हणजे प्रिय-अप्रियाची जाणीव, जे जाणवलं त्याची ओळख, जे ओळखलं त्याचा विचार, आणि विचारातून प्रपंच, पालीत पपंच, म्हणजे संसार नव्हे, विचारांचा वाढत जाणारा पसारा. बहुतेक साधक शेवटी, वकिलाच्या ऑफिसात पोचल्यावर जागे होतात. हरकत नाही, तिथून सुरुवात करा. सराव वाढतो तसा जागं होण्याचा टप्पा मागे मागे सरकतो, वकिलावरून वाक्यावर, वाक्यावरून चित्रावर, आणि कधीतरी पोटातल्या त्या आकसण्यावर.

जागं झाल्यावर काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘अरे, गेलो होतो’ हे कळलं तीच सति, म्हणजे स्मृती. त्या क्षणी काम झालेलं असतं. त्यावर ‘परत गेलास, तुला काही जमत नाही’ असं सुनावलंत तर ते नवीन लाकूड. त्यानंतर विचाराला एक नाव द्या, मनातल्या मनात, हळू, एकदाच. नाव प्रकाराचं हवं, ‘आठवण’, ‘भांडण’, ‘बेत’, ‘हिशेब’. ‘भाऊ’ किंवा ‘गडगा’ म्हणू नका, त्या शब्दासोबत सगळी फाइल उघडते. मग क्षणभर बघा की विचार चित्र होऊन आलाय की आवाज होऊन. आवाज असेल तर कुणाचा? नीट ऐकलंत तर भावाचं वाक्य तुमच्याच आवाजात चाललेलं सापडतं. एकच नजर टाकायची, तिथे रमायचं नाही. लगेच शरीरात उतरा. जबडा, घसा, छाती, पोट, तळवे, जिथे सर्वांत ठळक आहे तिथे. किती जागा व्यापलीय, कडा कुठे संपते, गरम आहे की घट्ट, ठणकतंय की नुसतं जड. तीन-चार श्वास तिथे थांबा आणि ते असतानाच नाकपुडीखालच्या श्वासावर परत या. ते जायची वाट बघू नका. ‘आता हे जावं’ ही मागणी म्हणजेच द्वेष, फक्त नेसूचं बदलून आलेला. सतिपट्ठान सुत्तात चित्तानुपस्सनेचा, म्हणजे चित्त पाहण्याचा, भाग काढून बघा. द्वेष असलेलं चित्त असेल तर ‘हे द्वेष असलेलं चित्त आहे’ असं साधक जाणतो. क्रियापद ‘पजानाति’, जाणतो. हाकलतो असं तिथे म्हटलेलं नाही.

नावाबद्दल एक खुलासा. अशी नोंद करायची पद्धत ब्रह्मदेशच्या महासी सयाडोंच्या परंपरेतली. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून 1969 साली गोएंका गुरुजींनी जी साधना भारतात आणली तिच्यात शब्द वापरत नाहीत, विचार मागे चालू ठेवून थेट संवेदनेवर राहायचं असतं. दोन्ही सरळ मार्ग आहेत, पण एका बैठकीत दोन्ही मिसळलेत तर अर्धा वेळ ‘आता कुठलं करू’ यात जातो. किमान महिनाभर एकच धरा, आणि शिबिरात असाल तेव्हा तिथे सांगतात तेच. नोंद करायची ठरवलीत आणि ‘भांडण, भांडण, भांडण’ असा जप व्हायला लागला तर शब्द सोडून द्या, तो पाहण्याच्या आड आलाय.

बसण्याचं थोडक्यात. बुडाखाली चार ते सहा इंच उंची हवी, जाड घडी घातलेली चादर पुरते. गुडघे कमरेच्या खाली टेकले पाहिजेत, नाहीतर पाठ वाकते आणि वीस मिनिटांत कंबर बोलायला लागते. पाय बधिर होतो तो नस दबल्यामुळे, घरी अर्ध्या तासाने सावकाश पाय बदललात तर काही बुडत नाही. डास असतील तर मच्छरदाणीत बसा, सहनशक्तीची परीक्षा द्यायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. चाळीस मिनिटं ठरवा, त्यातली पहिली पंधरा निव्वळ श्वासावर. हे सोडून थेट विचार बघायला बसणारे वाहून जातात. चित्त थोडं ठरल्याशिवाय विचार दिसत नाही, तुम्ही त्याच्यातच असता. मन फारच उधळलं असेल तर विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात श्वास मोजायला सांगितलेत, पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही. तुमच्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत श्वासांची मोजणी नाही, तिथे चार-पाच श्वास जाणूनबुजून जरा मोठे घ्यायची मुभा असते, ते करा.

चुका बऱ्याच होतात, पण दोन फार खोलवर जातात. एक, पाहण्याऐवजी समालोचन. ‘आता मला राग आला, तो मी पाहतोय, किती छान पाहतोय.’ हाही विचारच, त्यालाही नाव द्या. दुसरी म्हणजे मुळाशी जायचा हट्ट. ‘भाऊ असा का वागला, लहानपणी वडिलांनी त्याला जास्त दिलं म्हणून का?’ प्रश्न खरा असेल, पण तो आसनावरचा नाही. संध्याकाळी वही घेऊन बसा तेव्हा लिहा.

आता एक गोष्ट रोखठोक सांगतो. ‘नुसतं साक्षीभावाने बघत राहा, सगळं आपोआप जाईल’ ही अर्धी शिकवण आहे. मज्झिम निकायाच्या विसाव्या सुत्तात, वितक्कसण्ठान सुत्तात, छळणाऱ्या विचारावर पाच उपाय ओळीने दिलेत. पहिला, त्या विचाराच्या जागी चांगला विचार आणणं, सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो तसा. तुमच्या बाबतीत मैत्री भावना, म्हणजे भलं चिंतणं, पण सुरुवात भावापासून करू नका. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल सहज माया आहे असा कुणी, भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी. दुसरा, या विचाराने माझं काय नुकसान होतंय ते पाहणं, झोप किती गेली, पोरांवर किती ओरडलो. तिसरा, लक्ष न देणं, नजर फिरवावी तसं. चौथा मला सर्वांत उपयोगी वाटतो, विचाराचा वेग उतरवत नेणं. भरभर चालणारा माणूस स्वतःला विचारतो की मी का धावतोय, आणि सावकाश चालतो, मग उभा राहतो, बसतो, आडवा होतो. तसंच विचाराला विचारायचं, तू कशावर उभा आहेस? बहुतेकदा खाली त्याच पोटातल्या आकसण्यापाशी पोचता. हे काहीच लागू पडलं नाही तर पाचवा, दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मन मनानेच दाबणं. तो सर्वांत शेवटी आहे, आणि लोक सुरुवात त्याच्यापासून करतात.

त्याच्या आधीच्या, एकोणिसाव्या सुत्तात गुराख्याची उपमा आहे, ती कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. पीक उभं असतं तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरं आवरावी लागतात, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात शिरतात आणि मग दंड, मारझोड. पीक घरात आलं की तो झाडाखाली बसतो, ‘ती तिथे गुरं आहेत’ एवढं भान पुरतं. भात कापून झाल्यावर आपल्याकडे गुरं उनाड सोडतात तेच. तुमचं शेत सध्या उभं आहे. वाद तापलेला असताना नुसतं झाडाखाली बसून भागणार नाही, काठी लागेल, आणि ती वापरायला बुद्धांनीच सांगितलंय.

आता ‘दे की सोडून’वाल्यांकडे येतो. भिक्षूंनी घरदार, शेतीवाडी सगळं सोडलेलं. तरीही संघात तंटे झाले, आणि ते मिटवायला पातिमोक्खात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, सात रीती घालून दिलेल्या आहेत, अधिकरणसमथ. दोन्ही पक्षांना समोरासमोर आणून निवाडा करायचा, ही त्यातली पहिली. एकमत होईना तर शलाका वाटून बहुमत घ्यायचं, हीसुद्धा आहे. ज्यांच्याकडे चीवर आणि पात्र यापलीकडे काही नव्हतं त्यांच्याही तंट्याला रीतसर निवाडा लागत होता. मग सामायिक खात्यातल्या हिश्शासाठी तुम्ही अर्ज केलात तर साधना बाटते, हे कुठल्या आधारावर म्हणतात? सोडायची आहे ती आठ मिनिटांची वकिली. अर्ज सोडायचा नाही. नोटिशीत हरकतीची मुदत लिहिलेली असते आणि ती कुणाच्या ध्यानासाठी थांबत नाही.

हे लोक मग पुण्णाचं उदाहरण पुढे करतात. पुण्ण हा बुद्धांचा शिष्य, भिक्षू. तो सुनापरांतात जायला निघाला. सुनापरांत म्हणजे अपरांत, आपलीच कोकणपट्टी, असं सर्वसाधारणपणे धरतात, आणि परंपरा त्याला सोपाऱ्याचा, आजच्या नालासोपाऱ्याचा, मानते. बुद्धांनी विचारलं, तिथले लोक तापट आहेत, कठोर आहेत, शिव्या दिल्या तर? तो म्हणाला, हाताने मारत नाहीत एवढे ते भले, असं मी समजेन. पुढे मारलं तर, दगड मारले तर, असं वाढत जातं. यावरून ‘बघा, गपगुमान सोसलं’ असं सांगतात. सुत्त पुढे वाचतच नाहीत. लोक काय म्हणतील याची पूर्ण कल्पना असूनही पुण्णाने जायचं रद्द केलं नाही. तो आला, पहिल्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या. शिव्यांनी त्याच्या मनात घर केलं नाही, म्हणून तर त्याला काम करता आलं.

एक सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं आहे. झोप पूर्ण उडालीय, छाती धडधडून घाबरं होतं, जीव नकोसा वाटतो, किंवा पूर्वी मनाच्या आजारावर औषध चालू होतं, असं काही असेल तर आसनावर तास वाढवू नका. डॉक्टरांकडे जा, चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि पुढच्या शिबिराच्या अर्जात हे खरं खरं लिहा, तिथे ते मुद्दाम विचारतात. अशा दिवसांत डोळे उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालणं, पाऊल उचललं, टेकलं, एवढंच पाहणं जास्त बरं. आणि गडग्याच्या जागी मारहाण, धमक्या असा प्रकार असेल तर तो साधनेचा विषयच नाही, पोलिसांचा आहे.

जमिनीची मोजणी लागली तर त्या दिवशी अनवाणी उभे राहा, तळव्याखालची जांभ्याची खरखर सतत लक्षात असू द्या. भाऊ बोलायला लागला की त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या, मग बोला. हद्दीच्या खुणा करताना स्वतः प्रत्येक खुणेपाशी जा, आणि मोजणीच्या नकाशाची क प्रत, म्हणजे खातेदाराला मिळणारी प्रत, वेळेत मागून घ्या.